बांदा इथला की बाहेरचा?

वैशाख सरता सरता रामपायलीच्या शिवारात, धुऱ्यावरच्या जुन्या मोहाच्या किंवा बाडीतल्या आंब्याच्या खोडावर एक झुडूप फुलते. पाने जाड, चामड्यासारखी, मधोमध पन्हळीसारखी दुमडलेली. बोटाएवढी पांढुरकी मुळे खोडाला बिलगलेली, काही हवेत लोंबणारी. फुले पिवळसर-हिरवी, त्यांवर तपकिरी रेघांची जाळी विणल्यासारखी, आणि मधली जीभ जांभळट निळी. जवळ गेले तर गोड वासही येतो. आमच्याकडे याला 'बांदा' म्हणतात. पुस्तकात त्याचे नाव 'वांदा टेसेलाटा', आणि कुळ आमरीचे, म्हणजे ज्याला आज सगळे ऑर्किड म्हणतात त्याचे.

या झुडपावरून आमच्या मंडळात दोन मते आहेत आणि दोन्ही जुनी आहेत. पहिले मत असे की हे बांडगूळ आहे, झाडाचा रस शोषते, दिसले की विळ्याने खरवडून काढावे. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या आमराईत हे काम होतेच. दुसरे मत एका जुन्या घराचे. त्यांच्या बाडीतल्या आंब्यावरचा बांदा पणजोबांनी कोकणातून येताना कापडात गुंडाळून आणला, असे त्या घरी चार पिढ्या सांगतात. म्हणजे एकाच्या मते हा उपरा म्हणून काढून टाकायचा, आणि दुसऱ्याच्या मते उपरा म्हणूनच जपायचा. हा बांदा खरोखर बाहेरचा आहे का, एवढेच या स्मरणिकेच्या निमित्ताने तपासावे असे आम्ही ठरवले.

माणसाच्या बाबतीत हे काम आमच्या चांगल्याच ओळखीचे आहे. आमची नोकरी राज्य शासनाची, त्यामुळे मूल निवासी प्रमाणपत्राचे अर्ज पाहण्यात बरीच वर्षे गेली. जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा वास्तव्याचा कागद मागतात, आणि मग घरोघरी जुन्या मिसलीची नक्कल, शाळेचा दाखला, आजोबांच्या नावाचा खसरा यांचा शोध सुरू होतो. झाडाला मिसल नसते. पण झाडांचेही कागद असतात, साक्षीदार असतात आणि खोटे पुरावेही असतात. त्यातला सर्वांत खोटा पुरावा म्हणजे नाव.

गणपतीपुढे ठेवलेल्या परातीतच पाहा. सीताफळ आणि रामफळ. रामपायलीसारख्या गावात, जिथे वनवासातल्या रामाचे पाऊल उमटले अशी श्रद्धा आहे आणि चंदन नदीच्या काठी रामाचे देऊळ उभे आहे, तिथे ही दोन फळे बाहेरची आहेत असे म्हणणे धाडसाचे वाटेल. पण दोन्ही अमेरिका खंडातून आली. पेरू तिकडचाच. तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. सीताफळावरून तर आपल्याच राज्यात मोठा वाद झालेला आहे. सतना जिल्ह्यातल्या भरहुतचा स्तूप अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ साली शोधला आणि १८७९ साली त्यावर ग्रंथ काढला. तिथल्या कोरीव कामात त्यांना सीताफळ दिसले, म्हणून हे फळ भारतात दोन हजार वर्षांपूर्वीही होते असे त्यांचे म्हणणे पडले. वनस्पतिशास्त्रज्ञांना ते पटले नाही. सीताफळाची जवळची भावंडे सगळी अमेरिकेच्या रानात वाढतात, आणि दगडात कोरलेले खवलेदार फळ दुसरेही काही असू शकते. आम्हालाही हेच बरोबर वाटते. भावकी जिथे, मूळ घर तिथे, हा नियम माणसांपेक्षा झाडांना जास्त लागू पडतो.

सीताफळाला घरचे नाव मिळाले आणि ते बाहेरचे निघाले. बांद्याचे नेमके उलटे झाले.

'वंदा' हा शब्द अमरकोशात आहे, वनौषधिवर्गात. त्याच्या जोडीला तिथे 'वृक्षादनी' म्हणजे झाडाला खाणारी आणि 'वृक्षरुहा' म्हणजे झाडावर वाढणारी, अशीही नावे दिली आहेत. खाणारी आणि नुसती वर बसणारी यांत जुन्या लोकांनी फार फरक केलेला दिसत नाही. झाडावर उगवले ते वंदा. याच शब्दाचे आपल्या बोलीत बांदा झाले, आणि आजही आमचे शेतकरी खऱ्या बांडगुळालाही बांदा म्हणतात आणि या आमरीलाही. 'बांडगूळ' हा शब्द माणसाला लावला तर किती झोंबतो, हे परप्रांतात घर केलेल्यांना सांगायला नको.

अठराव्या शतकाच्या शेवटी हा शब्द कलकत्त्याला पोहोचला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स संस्कृत शिकत होते आणि फावल्या वेळात झाडे पाहत होते. भारतातल्या झाडांना युरोपातल्या माणसांची नावे चिकटवण्यापेक्षा त्यांची इथली नावेच ठेवावीत, असा त्यांचा आग्रह होता. १७९४ साली ते वारले. पुढच्या वर्षी एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत निवडक भारतीय वनस्पतींवरची त्यांची टिपणे छापली गेली. त्यांत वंदा आहे, याच संस्कृत नावाने. १८२० साली लंडनमध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी तेच नाव प्रजातीचे नाव म्हणून पक्के केले. आज थायलंड-सिंगापूरहून विमानाने येणाऱ्या, मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत सजवलेल्या महागड्या 'वांदा' फुलांचे आडनाव आपल्या अमरकोशातले आहे. आणि ब्राऊन यांनी त्या प्रजातीचा नमुना म्हणून जी जात पुढे ठेवली, ती हीच आपल्या मोहावरची.

या कहाणीत नागपूरही डोकावते. हेन्री थॉमस कोलब्रुक १७९९ ते १८०१ या काळात कंपनीचे वकील म्हणून दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारी होते. हाच गृहस्थ पुढे संस्कृतचा मोठा पंडित म्हणून गाजला. १८०८ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून त्याने अमरकोश इंग्रजी अर्थांसह छापला, आणि त्यातल्या झाडांची ओळख पटवण्यासाठी बरेच कष्ट घेतले. तेव्हा आपला हा मुलूख भोसल्यांचाच होता.

पण आमच्या प्रश्नासाठी जोन्सपेक्षा मोलाचा साक्षीदार विल्यम रॉक्सबर्ग. हा डॉक्टर. कलकत्त्याच्या कंपनी बागेचा प्रमुख होण्यापूर्वी तो आंध्र किनाऱ्यावर, गोदावरीच्या मुखाजवळच्या सामलकोटला बरीच वर्षे होता. हिंदी चितारी हाताशी धरून तो झाडांची चित्रे काढून घेई. १७९५ साली लंडनमध्ये 'कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पती' या त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. त्यात आपल्या बांद्याचे रंगीत चित्र आहे. फुलावरच्या जाळीवरून त्याने त्याला 'टेसेलाटम' म्हटले, म्हणजे चौकडीचे. ही या जातीची पहिली शास्त्रीय नोंद, तिची मिसल म्हणा ना.

आता नकाशा घ्यावा. रामपायलीच्या चंदन नदीचे पाणी वैनगंगेला मिळते. वैनगंगा भंडारा, गडचिरोली करत वर्धेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीला. रॉक्सबर्गने बांदा पाहिला तो याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला. मधला सगळा पट्टा झाडीचा. सालवन, सागवान, ऐन, मोह, तेंदू, आणि ज्याला आपण झाडीपट्टी म्हणतो तीही त्यातच आली. या पट्ट्याच्या खालच्या टोकाला सव्वादोनशे वर्षांपूर्वी रानात असलेली जात वरच्या टोकाला कुणी पोटलीत बांधून आणावी लागेल, हे संभवत नाही. १८९० साली जोसेफ हुकर यांच्या 'ब्रिटिश भारताची वनस्पतिसृष्टी' या ग्रंथाच्या सहाव्या खंडातही ही जात भारतभर पसरलेली म्हणून नोंदली आहे. तोवर आपला बालाघाट जिल्हा जेमतेम तेवीस वर्षांचा होता. भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून तो १८६७ साली बनवायला सुरुवात झाली. जिल्ह्यापेक्षा बांद्याचा कागद जुना.

तरीही एक शंका उरते आणि ती आमरीच्या बाबतीत विशेष. आमरीचे बी म्हणजे नुसती धूळ. एका शेंगेत हजारो, कधी लाखांच्या घरात कण. धानाच्या दाण्यात जसा रोपासाठी साठा असतो तसा यात काहीच नसतो. त्यामुळे नुसत्या पाण्यावर ते रुजत नाही. एक विशिष्ट बुरशी त्यात शिरून त्याला भरवू लागली, तरच कोंब येतो. हे कोडे १८९९ साली फ्रान्समध्ये नोएल बर्नार या तरुणाने सोडवले. तोपर्यंत आमरीचे बी पेरून ते का उगवत नाही म्हणून युरोपातल्या माळ्यांनी कपाळ बडवून घेतले होते. दुसरीकडे, हीच धूळ वाऱ्यावर कुठल्या कुठे जाते. १८८३ साली क्राकाटोआ बेटाचा ज्वालामुखी फुटला आणि बेटावरचे सारे रान राखेखाली गेले. १८९७ साली तिथे गेलेल्या शास्त्रज्ञांना आमऱ्या फुललेल्या सापडल्या. कुणी लावल्या नव्हत्या, समुद्र ओलांडून वाऱ्याने आल्या होत्या.

मग इथला कोण आणि बाहेरचा कोण? शास्त्रात रूढ झालेली रीत साधी आहे. किती वर्षे झाली हा मुख्य प्रश्नच नव्हे. माणसाच्या हाताने, मुद्दाम किंवा नकळत, आले ते बाहेरचे. वारा, पाणी, पाखरू यांच्यासंगे आपले आपण आले ते इथले. आपल्याकडे हिवाळ्यात ओलसर गवतात, बांधीच्या कडेला बोटभर उंचीची एक पांढुरकी आमरी उगवते. तिचे नाव झ्युक्सिन. आशियात ती घरची आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ती १९३६ साली प्रथम दिसली. चीनकडून आणलेल्या गवताच्या बियांबरोबर ती पोहोचली असावी असे तिथले जाणकार मानतात. तिथे ती आता हिरवळीत सगळीकडे आहे, तरी पुस्तकात तिच्यापुढे 'बाहेरून आलेली' असेच लिहितात. ही रीत आम्हाला थोडी कठोर वाटते, पण निदान तिच्यात लबाडीला जागा कमी.

जुन्या कागदाची ताकद किती असते, याचे अलीकडचे एक उदाहरण द्यायला हवे. उत्तर प्रदेशात दुधवाच्या रानात २०२० साली गवतात 'युलोफिया ऑब्ट्युसा' नावाची जमिनीवरची आमरी सापडली. ही कुठून आली असा प्रश्न पडावा, कारण जिवंत माणसांपैकी कुणी ती भारतात पाहिलेली नव्हती. पण १९०२ साली शेजारच्या पिलीभीतमध्ये कुणीतरी ती दाबून, वाळवून कागदावर चिकटवली होती आणि तो कागद लंडनच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात शाबूत होता. त्या एका वाळक्या काडीमुळे ती पाहुणी न ठरता ११८ वर्षांनी परत भेटलेली घरची ठरली. वाळलेल्या झाडाच्या कागदावर तारीख, जागा आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. आमच्या खात्यातल्या कितीतरी नकलांवर एवढेही वाचता येत नाही.

आता आमच्या भागाचे एक दुखणे सांगतो. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमा माणसांना कापतात तशा झाडांच्या पुस्तकांनाही कापतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. भंडारा तिकडे गेला, बालाघाट इकडे राहिला. वैनगंगा, बावनथडी आणि बाघ या नद्यांच्या अलीकडे-पलीकडे एकच बोली, एकच धान, एकमेकांच्या सोयरिकी, पण दप्तरे दोन झाली. बांद्याचेही तेच. पलीकडच्या मोहावरचा बांदा १९९६ साली निघालेल्या महाराष्ट्राच्या वनस्पतिग्रंथात गेला, आणि अलीकडच्या मोहावरचा २००१ साली निघालेल्या मध्यप्रदेशच्या तिसऱ्या खंडात. पुण्या-मुंबईकडचा आमरीवेडा वाचक महाराष्ट्राचे पुस्तक उघडतो आणि त्याच्या मनातला बांदा गोंदियाला येऊन थांबतो. आपल्याकडे कुणी बघत नाही म्हणून तो इथे नाही, असे समजले जाते. मंडळातल्या जुन्या मंडळींना हा अनुभव नवा वाटू नये.

तेव्हा जात इथली, यात आम्हाला शंका उरली नाही. पहिल्या मताचा, म्हणजे बांडगुळाचा निकालही यातच लागतो, पण तो डोळ्यांनी पाहून करावा. खरे बांडगूळ फांदीवर असते, त्याची फुले नारिंगी-लाल नळीसारखी, आणि फांदीला जिथे ते जोडलेले असते तिथे गाठ दिसते. त्याचे मूळ लाकडात घुसून झाडाचे पाणी ओढते. फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी त्याची चिकट फळे खाऊन बी फांदोफांदी पुसत जातो. बांदा सोलून पाहिला तर मूळ सालीच्या वरच असते, आत एक सूतही नाही. त्या मुळांवरचा पांढरा थर स्पंजासारखा. पावसाचे पाणी, दव, सालीच्या फटीतला कुजलेला पाचोळा, एवढ्यावर तो जगतो. झाडाकडून त्याला लागते ती फक्त उभे राहायला जागा. आंब्याचा मोहर कमी आला त्याचे खापर बांद्यावर फोडणाऱ्यांनी एकदा झाडाच्या वयाकडे पाहावे.

दुसरे मत अवघड आहे. जात इथली म्हणून त्या बाडीतले झुडूपही इथलेच, असे होत नाही. कारण कोकणातही हीच जात आहे. तिथून आणलेला बांदा आणि इथला बांदा डोळ्यांना सारखाच दिसणार. आणि तो आणणे शक्यही होते. आमरी मातीवाचून कित्येक दिवस तग धरते, ओल्या फडक्यात प्रवास करते. आम्ही त्या आंब्याजवळ गेलो. बांदा एका ठिकाणी नव्हता. एक मोठा गुच्छ छातीच्या उंचीवर, जिथे माणूस दोरीने बांधू शकेल असा. बाकीचे पाच-सहा पार वर, दुबेळक्याच्या पलीकडे, आणि दोन शेजारच्या मोहावर. वरचे कुणी बांधलेले नाहीत, ते बियांतून आलेले. पण ते त्या खालच्या गुच्छाचे वंशज की मोहावरच्या जुन्या बांद्याचे, हे झाड सांगत नाही. शंभर वर्षांत दोघांची फुले एकमेकांत मिसळलीही असतील. घरच्या आजींना आम्ही हे जमेल तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचा बांदा इथल्यांत मिळून गेला म्हणा की." यात दुरुस्त करावे असे आम्हाला काही सापडले नाही.

याच्या पुढची पायरी पाहायची तर सिंगापूरकडे पाहावे. तिथले राष्ट्रीय फूल 'वांदा मिस जोआकिम', आता शास्त्रज्ञांनी त्याची प्रजाती बदलली असली तरी लोक याच नावाने ओळखतात. हे फूल १८९३ साली एका आर्मेनियन कुळातल्या बाईंच्या, ॲग्नेस जोआकिम यांच्या बागेतले म्हणून जाहीर झाले. त्याचा एक पालक मलायाकडचा, दुसरा आपल्या ईशान्येकडच्या आणि ब्रह्मदेशाच्या रानातला. बाईंनी ते मुद्दाम संकर करून मिळवले की आपोआप झाले, यावर तिथे बरीच वर्षे वाद चालला. १९८१ साली सरकारने त्याला राष्ट्रीय फूल ठरवले, तेव्हा मूल निवासी प्रमाणपत्र कुणी मागितले नसावे.

औषधाच्या अंगाने एक सावधगिरी. बांद्याच्या मुळांना काही प्रांतांत, विशेषतः बंगालकडे, 'रास्ना' म्हणून विकतात. महारास्नादि काढ्यातली रास्ना कोणती, हा वैद्यांचा जुना वाद आहे. केरळात कुलिंजनाच्या जातीचा कंद रास्ना म्हणून घेतात, आणि भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधिकोशात रास्ना म्हणून प्लुचिया नावाच्या वेगळ्याच झुडपाची नोंद आहे. तेव्हा गुडघेदुखीवर कुणी बांदा ओरबाडून आणला तर त्याला हे सांगावे. बांद्याला फुलायच्या वयाचे व्हायला काही वर्षे लागतात, आणि बुरशी भेटली तरच पुढचे बी रुजते. एकदा खरवडलेले खोड सहजी पुन्हा भरत नाही.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. गावचे धान, मासे, झाडे, त्यांची बोलीतली नावे त्यात लिहायची असतात. आपल्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा चिन्नोर कुठला यावर कागद दाखवावे लागले होते. बांद्याला कुणी मानांकन देणार नाही. पण नोंदवहीत त्याचे एक पान असावे, त्यात जागा, महिना, कोणत्या झाडावर आणि गावात काय म्हणतात एवढे लिहिलेले असावे, असा प्रस्ताव आम्ही मंडळापुढे ठेवला आहे. पुढच्या वैशाखात ज्यांच्या आमराईत, धुऱ्यावर किंवा बोडीच्या पाळीवर बांदा फुलेल, त्यांनी फूल न तोडता मोबाइलवर दोन फोटो काढावेत, एक फुलाचा आणि एक मुळे खोडाला कशी धरून आहेत त्याचा. सोबत तारीख लिहावी आणि मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे.